मी लिहिलेला अशक्तपणा

सरकारी दवाखान्यात डॉक्टरच्या आधी खिडकी लागते. ज्यांचे ठरलेले खाजगी डॉक्टर असतात त्यांना हे माहीत नसतं, म्हणून आधी सांगून टाकते. खिडकीवर केसपेपर निघतो. नाव, गाव, वय, आणि मग 'काय होतंय?' आत पंख्याची घरघर, बाहेर गलका, म्हणून विचारणारीनं ओरडून विचारायचं आणि सांगणारानं ओरडून सांगायचं. मागं पंधरा-वीस माणसं उभी असतात. पोटात दुखतंय, कुत्रं चावलंय, जुलाब लागलेत, सगळं माणूस ओरडून सांगतो. पण मला जगू वाटंना, हे त्या खिडकीतून कोण ओरडणार?

मी माणदेशातल्या एका सरकारी रुग्णालयात होते. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदललीत. लागले ती सफाई कामगार म्हणून, शिक्षण सातवी. केसपेपर लिहिणाऱ्या क्लार्कची बदली झाली, जागा काही भरली नाही, आणि एका सकाळी साहेब म्हणाले, "मावशी, तुमचं अक्षर बरं आहे. आठवडाभर बसा खिडकीवर." तो आठवडा मी निवृत्त होईपर्यंत चालला. इंग्रजी मी औषधांच्या खोक्यांवरून शिकले, आणि कॉम्प्युटर आला तेव्हा तोही एका बोटानं शिकले. आमच्याकडं चतुर्थ श्रेणीतल्या बाईला नाव नसतं, मावशी असते. पण खिडकीवर बसल्यावर कळलं की अख्खा तालुका त्या मावशीसमोरून जातो, आणि कुणाला कुठल्या खोलीत पाठवायचं हे डॉक्टरच्या आधी मावशी ठरवते. एवढा मोठा अधिकार मला कुणी कागदावर दिला नव्हता. मी तो वापरला मात्र भरपूर.

तर आमच्याकडं नऊ नंबरची एक खोली होती. जिल्ह्याहून महिन्यातून एकदा मनाचे डॉक्टर तिथं यायचे. सुरुवातीला ते गुरुवारी यायचे. खोलीवर मोठ्या अक्षरात पाटी, बाहेर बाकडं, आणि बाकड्यावर कुणी नाही. डॉक्टर पेपर वाचत बसायचे. मी चहा घेऊन गेले की म्हणायचे, "मावशी, तुमच्या तालुक्यात सगळे सुखी दिसतात."

मी एकदा सांगितलं, "सायब, गुरुवारी बाई घरातनं कशी निघंल? बाजाराच्या दिवशी या. त्या दिवशी कुणी विचारत नाही कुठं चाललीस म्हणून."

त्यांनी खरंच दिवस बदलून घेतला. मग मी त्या पाटीवर लसीकरणाचं मोठं कॅलेंडर अडकवलं. बाकडं उचलून वजनकाट्याजवळ नेलं, म्हणजे तिथं बसलेली बाई वजनाला आलीय की डॉक्टरला, कुणाला कळायचं नाही. माणसं यायला लागली. जिल्ह्याच्या कुठल्या मीटिंगमध्ये हे ठरलं नव्हतं, मी आणि डॉक्टरांनी ठरवलं होतं. त्या गोष्टीचा मला गर्व होता आणि अजून थोडा आहे.

मग कॉम्प्युटर आला. त्यात विभाग निवडावा लागतो, आणि जो निवडाल तो कागदावर वर ठळक छापून येतो. एका बाईचा असा छापील कागद तिच्या पुतण्यानं घरी सगळ्यांसमोर वाचला. वाचायला नवीन शिकलेलं पोर, प्रत्येक अक्षर मोठ्यानं. पुढच्या महिन्यात तिची शेजारीण मला म्हणाली, "तिच्या हातचं आता घरात कोण खात न्हाई." ती बाई नऊ नंबरला परत आली नाही.

त्या दिवसापासून मी नऊ नंबरच्या सगळ्या माणसांसाठी कॉम्प्युटरवर 'जनरल' दाबायला लागले. तक्रारीच्या रकान्यात लिहायचे, अशक्तपणा. आमच्या भागात अशक्तपणाला कुणी नाव ठेवत नाही. अशक्तपणा आला की सलाईन लावतात, शेजारी नारळपाणी आणून देतात. कागद हातात दिला की मी हळूच म्हणायचे, "डावीकडं वळा, नऊ नंबर, वजनकाट्यापाशी." डॉक्टर कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात गोळ्या लिहायचे आणि आपल्या डायरीत खरी हकिकत टिपायचे. ती डायरी त्यांच्या बॅगेत असायची.

एक निवृत्त हवालदार यायचे. मिशी अशी की खिडकीत मावायची नाही. सीमेवरनं परत आल्यापासून त्यांना फटाक्याचा आवाज सोसत नव्हता. लग्नाची वरात आली की माणूस मळ्यातल्या खोलीत जाऊन दार लावून बसायचा. पण अशक्तपणासुद्धा त्यांना मंजूर नव्हता.

"फौजीला कसला अशक्तपणा, मावशी? गुडघा लिवा."

मी गुडघा लिहिला. नऊ नंबरमधले डॉक्टर कागद बघून म्हणाले, "हवालदारसाहेब, गुडघ्याला झोप किती दिवस लागत नाही?"

हवालदार हसले आणि मग तिथंच बराच वेळ रडले, हे डॉक्टरांनीच मला सांगितलं. त्यांच्या सूनबाई बाहेर बसल्या होत्या. त्यांना वाटलं गुडघा दाबून बघतायत.

हे सगळं हसायचं म्हणून सांगत नाही. आता शालनचं सांगते, कारण मला सांगायचं होतं ते तिचंच आहे.

शालन पंचविशीची. नवरा गलाईच्या कामाला. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम. आमच्या भागातली माणसं त्यासाठी पार तमिळनाडूपर्यंत जातात आणि यात्रेला नि दिवाळीला घरी येतात. तिला चार वर्षांची मुलगी, आरोही. पहिल्यांदा आली ती सासूबरोबर. सासूनंच खिडकीत तोंड घातलं.

"हिला एक सलाईन मारा. चुलीम्होरं हुभी ऱ्हाती नुसती. दूध उतू गेलं तरी हालत न्हाई. आळस हाय, दुसरं काय न्हाई."

शालन मागं उभी होती. मी विचारलं, "काय होतंय गं?"

"हातापायातलं गेलंय," ती म्हणाली. मग सासू पिशवीत आधारकार्ड शोधत होती तेवढ्यात खिडकीच्या गजाला धरून हळू म्हणाली, "मावशी, पोरीकडं बघितलं तरी कायच वाटंना मला."

मी अशक्तपणा लिहिला. सासूला म्हणाले, "आत्याबाई, तुमचं बी.पी. कवा तपासलंय?" आणि तिला त्या रांगेत उभी केली. ती रांग तास-दीड तास हलत नाही, हे मला माहीत होतं. तेवढ्यात शालन नऊ नंबरला जाऊन आली. गोळ्या मिळाल्या. सासूला मी सांगितलं, ताकदीच्या आहेत, रोज एक, महिनाभर, आणि दर महिन्याला बाजाराच्या दिवशी नव्या न्यायच्या.

तिसऱ्या-चौथ्या महिन्याला शालन एकटीच आली. पोरीचा हात धरलेला, पोरीच्या दोन वेण्या इतक्या घट्ट की डोळे ताणलेले. मी म्हणाले, "अगं, किती आवळल्यास?" तर म्हणाली, "आता हात शिवशिवत्यात मावशी, काय करू?" आणि हसली. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दोनेक वर्षं असं चाललं. मग जिल्ह्याहून तपासणीला साहेब आले. तरुण, नीटस माणूस, आवाज चढवून बोलणारा नव्हे. लॅपटॉप उघडून आमच्या मेडिकल ऑफिसरना म्हणाले, "तुमच्या मानसोपचाराला पेशंटच नाहीत की. हे बघा, महिनेच्या महिने रिकामे. डॉक्टरांचा एक दिवस वाया जातोय."

मी तिथंच होते. हातात चहाचा ट्रे होता.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. साहेब, पेशंट आहेत, मीच ते जनरलमध्ये टाकलेत, एवढंच वाक्य. पण त्या वाक्यात खोट्या नोंदी केल्याची कबुली होती आणि माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी कप ठेवले, बिस्किटं ठेवली आणि बाहेर आले. मनात म्हटलं, डॉक्टर सांगतील. डॉक्टर त्या दिवशी नव्हते, आणि त्याच सुमाराला त्यांनी नोकरी सोडून शहरात स्वतःचा दवाखाना टाकला. डायरी त्यांच्याबरोबर गेली.

पुढं पत्र आलं. नऊ नंबर बंद, गरजूंनी जिल्हा रुग्णालयात जावं. भिंतीवर मदतीचा फोन नंबर असलेलं पोस्टर लावलं. शालनच्या घरात फोन एकच, तो सासऱ्याच्या खिशात.

बाजाराच्या दिवशी माणसं आली. मी एकेकाला सांगत होते, डॉक्टर आता येणार नाहीत. कुणी भांडलं नाही. आमच्याकडं सरकारी गोष्ट बंद झाली की माणसं मान हलवून जातात, जणू ती चालू होती हीच चूक होती.

शालनला घेऊन मी एकदा साताऱ्याला गेले. घरी सांगितलं, रक्ताची मोठी तपासणी आहे. दोन गाड्या बदलून पोचेपर्यंत अकरा वाजले. तिथल्या खिडकीवर माझ्यासारखीच एक बाई. तिनं जुना कागद मागितला. पुढं अशक्तपणा, मागं शिक्का नसलेलं बारीक अक्षर. तिथले डॉक्टर भले होते, पण म्हणाले, "यावरून मला काय कळणार? हिला आधी काय होत होतं, कुणी लिहिलंच नाही. घरचं कोण आलंय?"

मी म्हणाले, "मी आहे."

"तुम्ही कोण?"

"दवाखान्यातली मावशी," मी म्हणाले. पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पुढच्या वेळी नवरा किंवा सासू आणा म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. परत येताना शालन खिडकीला डोकं टेकून बसली होती. वडूज आलं तेव्हा म्हणाली, "दर म्हैन्याला मोठी तपासणी कशी सांगायची, मावशी?"

आमचे मेडिकल ऑफिसर म्हणाले, लेखी मागणी द्या. पेशंटच्या सह्यांचा अर्ज गेला तर वर विचार होतो. मी अर्ज लिहिला. चांगला लिहिला होता, दोनदा फाडून तिसऱ्यांदा. मग सह्या गोळा करायला निघाले. माझ्या हातून गेलेली माणसं मला पाठ होती, घरंही माहीत होती.

हवालदारांनी अर्ज पूर्ण वाचला, घडी घातली, परत दिला. "मावशी, माझा गुडघा बरा हाय आता."

एक बाई म्हणाली, "तुमीच तर म्हणाला हुता कुणाला कळू दिऊ नका म्हणून." एकीनं दारच उघडलं नाही, आतून म्हणाली घरात कोण नाही. एका म्हातारीनं लगेच अंगठा दिला. मी खूश झाले. मग तिनं विचारलं, "पगार कवा चालू हुईल?" तिला वाटलं निराधार योजनेचा अर्ज आहे. तो अंगठा मी खोडला.

शालननं सही केली. दवाखान्याच्या मागं नळाजवळ, कागद पोरीच्या पाठीवर ठेवून. पूर्ण नाव, गाव, वाडी. मी म्हणाले, "विचार कर गं." ती म्हणाली, "गोळी संपून आठ दिस झालं मावशी. काल पोरगी दोनदा हाक मारत हुती, मला ऐकू आलं, पर तोंडातनं ओ निघंना. मी सही करती."

एका सहीचा अर्ज पाठवू नये, हे मला कळायला हवं होतं. पण मला वाटलं, एक तर एक.

सरकारी कामात अर्जदाराची खातरजमा करतात. अर्ज खरा आहे का, माणूस खरा आहे का, हे बघायला कुणीतरी घरी जातं. वाईट हेतू नसतो, पद्धत असते. आरोग्य विभागातला एक नवीन माणूस तिच्या वाडीवर गेला. अंगणात शेंगा फोडत सगळं घर बसलं होतं. त्यानं कागद बघून विचारलं, मानसिक रुग्ण शालन अमुक अमुक इथंच राहतात का?

नवरा दक्षिणेतनं आला. भांडण झालं नाही, कुणी हात उगारला नाही. शालनला तिच्या भावाकडं जतला पोचवलं आणि पोरगी ठेवून घेतली. शाळा बुडायला नको म्हणाले.

चार दिवसांनी तिची सासू खिडकीवर आली. रांगेत उभी राहून, नंबर आल्यावर. मला वाटलं शिव्या देईल.

"मावशी, तुमी मला त्या बी.पी.च्या रांगंत हुभं केलं हुतं," ती म्हणाली. "तवाच सांगितलं असतं तर?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं आत्याबाई?"

"काय की. पर तुमी इचारलं न्हाई मला." ती गजाला धरून उभी राहिली. मागची माणसं 'सरका म्हातारे' म्हणायला लागली. "आमच्या जावंला बी असंच झालं हुतं. तिला आमी बांधून ठिवली हुती. मला ठावं न्हवतं गोळी असती म्हणून."

ती गेली. ती सुधारली असती की शालनला पहिल्याच महिन्यात माहेरी पाठवली असती, हे मला आजही सांगता येत नाही. रात्रंदिवस विचार केला तरी येत नाही. मी तिला एका रांगेत उभी केली आणि दुसरी रांग तिला दाखवलीच नाही, एवढंच मला माहीत आहे. आणि अर्जाचं उत्तर आलं. मागणी अल्प असल्यानं सध्या विचार करता येत नाही.

निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल मिळाली. भाषणात आमचे मेडिकल ऑफिसर म्हणाले, मावशींच्या काळात खिडकीवर कधी तक्रार आली नाही.

या उन्हाळ्यात मी जतला गेले. सांगलीच्या बाजूनं जायला सोपं पडलं असतं, मी आटपाडीवरनं गेले आणि दिवस घालवला. तिच्या भावाची वस्ती गावाबाहेर, टँकरच्या टाकीपासून जवळ. मेंढरं, एक कडुलिंब, पत्र्याचं घर. भाऊ मेंढरांमागं गेला होता. शालन उंबऱ्याला टेकून बसली होती. मला ओळखलं. उठली नाही.

"आरू शाळंत जाती का?"

"जाते. मी बघितली. तुझ्या सासूनं वेण्या घातल्या होत्या."

"घट?"

"नाही. सैल होत्या."

तिनं मान हलवली. त्यानंतर दोन तास मी बसले होते, ती उंबऱ्यावरनं हलली नाही. भावजय मध्येमध्ये पोरांवर कानडीत ओरडत होती आणि माझ्याशी मराठीत बोलत होती. "त्रास कायच न्हाई बगा हिचा. बसीवलं तिथं बसती. लय शांत हाय." मी सांगलीला घेऊन जाते म्हणाले, तिथं डॉक्टर आहेत. ती म्हणाली, "ह्यास्नी इचारते." ज्या आवाजात आपण भिकाऱ्याला पुढं जा म्हणतो तशा आवाजात. गोळ्या मी नेऊ शकले नाही. चिठ्ठीशिवाय त्या मिळत नाहीत, आणि चिठ्ठी द्यायला माणूस समोर लागतो.

भावजय मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. गाडीला वेळ होता. ती बाभळीच्या सावलीला माझ्याशेजारी उभी राहिली, घागर कमरेवर तशीच. मग रस्त्याकडं बघत म्हणाली, "अक्का, तुमी दवाखान्यात हुता न्हवं?"

"होते."

"मला सा म्हैनं झालं झोप न्हाई. छातीत गच्च हुतंय. पोरं म्होरं आली की वाटतंय उठून कुटंतरी निगून जावं." घागर तिनं दुसऱ्या कमरेवर घेतली. "हिच्यागत न्हाई हां माझं. मला नुसता अशक्तपणा आलाय. हितं कुटं गोळी मिळंल का?"

यावेळी मी खरं सांगितलं. सांगलीला जावं लागेल. खिडकीवर खरं कारण सांगावं लागेल, ते कागदावर येईल. घरचं माणूस बरोबर लागेल. आणि दर महिन्याला जावं लागेल, मध्येच सोडून चालणार नाही. मी येते तुमच्याबरोबर, म्हणाले.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. लांबून गाडी दिसायला लागली. तिनं घागर खाली ठेवली, पुढं होऊन हात केला, गाडी थांबल्यावर माझी पिशवी वर दिली.

"ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली, आणि कंडक्टरला सांगितलं, अक्काला बसायला जागा द्या.